चित्रकाराची वाडी

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो या महानगराच्या पश्चिम टोकाला, बार्रा दे ग्वारातिबा या भागात, पेद्रा ब्रांका डोंगररांगेच्या पायथ्याशी सुमारे ४० हेक्टर, म्हणजे साधारण १०० एकर जमिनीवर वसलेले ‘सीतियो रोबेर्तो बुर्ल मार्क्स’ हे उद्यान जुलै २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. पोर्तुगीज भाषेत ज्याला सीतियो म्हणतात ती आपल्याकडील वाडीच. चित्रकार, उद्यानरचनाकार आणि वनस्पतिसंग्राहक अशा तिन्ही नात्यांनी विसाव्या शतकात नाव मिळवलेल्या रोबेर्तो बुर्ल मार्क्स यांनी १९४९ मध्ये ही जागा घेतली आणि पुढील साडेचार दशके, १९९४ मध्ये मृत्यू होईपर्यंत, ती घडवली. आज तेथे उष्ण आणि उपोष्ण कटिबंधांतील वनस्पतींच्या ३,५०० हून अधिक जाती नांदत आहेत. बुर्ल मार्क्स यांचे नाव जगभर घेतले जाते ते प्रामुख्याने कोपाकबाना किनाऱ्यावरील नक्षीदार पदपथासाठी; परंतु त्यांच्या कार्याचे मूळ शोधायचे तर या वाडीतच यावे लागते, कारण त्यांच्या सार्वजनिक उद्यानांत जी झाडे पुढे दिसली त्यांतील कितीतरी आधी येथे जगवून, वाढवून, पारखून घेतलेली होती.

वनस्पती उद्यान या संस्थेचा इतिहास पाहता ही वाडी वेगळी का ठरते, हे स्पष्ट होते. युरोपीय सत्तांनी उष्ण प्रदेशांत जी वनस्पती उद्याने उभारली, त्यांचा पहिला हेतू व्यापारी होता. दूरदेशीच्या किफायतशीर वनस्पती आपल्या ताब्यातील मुलखात रुजतात की नाही हे पाहण्याची ती ठिकाणे होती. खुद्द रिओमध्ये पोर्तुगालचे राजपुत्र दों जुआंव यांनी १८०८ मध्ये जे वनस्पती उद्यान स्थापन केले, तेही पूर्वेकडील मसाल्याची झाडे ब्राझीलच्या हवेत वाढवून पाहण्यासाठीच. अशा उद्यानांत झाडांची मांडणी वर्गीकरणाच्या सोयीने होई आणि शोभेसाठी युरोपीय धाटणीच्या सरळ वीथी आखल्या जात. बुर्ल मार्क्स यांच्या वाडीत हा क्रम पुष्कळसा उलटा झाला. बाहेरचे इथे रुजवण्यापेक्षा इथल्याच रानात असलेले, परंतु शहरवासीयांनी कधी मोलाचे न मानलेले झाड बागेत सन्मानाने आणणे हा त्यांचा मुख्य उद्योग झाला, आणि मांडणी ठरवताना शास्त्रज्ञाच्या कोष्टकाइतकाच चित्रकाराचा डोळाही कामी आला.

बुर्ल मार्क्स यांचा जन्म ४ ऑगस्ट १९०९ रोजी साव पावलो येथे झाला. वडील जर्मनीतून आलेले ज्यू, आई ब्राझीलच्या ईशान्येकडील पेर्नांबुको प्रांताशी नाते असलेल्या घराण्यातील. पुढे कुटुंब रिओत स्थायिक झाले आणि आईच्या बागकामाच्या आवडीतून मुलालाही मातीची गोडी लागली. १९२८ मध्ये हे कुटुंब काही काळासाठी बर्लिनला गेले, तेव्हा हा तरुण चित्रकला आणि गायन या दोन्हींकडे ओढला गेला होता. बर्लिनच्या दालेम भागातील प्रसिद्ध वनस्पती उद्यानात, काचेच्या ऊबदार घरांमध्ये, त्यांना ब्राझीलच्या जंगलांतील वनस्पती मोठ्या निगुतीने जोपासलेल्या दिसल्या. ज्या वनस्पतींकडे रिओतील बागांत कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, जेथे गुलाब आणि युरोपीय फुलझाडांचीच प्रतिष्ठा होती, त्यांना परक्या देशात असा मान मिळावा, या विसंगतीचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. वसाहतीच्या काळातून गेलेल्या कोणत्याही समाजाला हा अनुभव ओळखीचा वाटावा असा आहे. स्वतःच्या अंगणातील वस्तूची किंमत अनेकदा परदेशातून कळते.

रिओला परतल्यावर त्यांनी राष्ट्रीय ललितकला विद्यालयात प्रवेश घेतला. त्या वेळी तेथील संचालक होते लुसियो कोस्ता, ज्यांनी पुढे ब्राझीलिया या नव्या राजधानीचा आराखडा केला. बुर्ल मार्क्स यांनी घराभोवती लावलेली झाडे शेजारी राहणाऱ्या कोस्ता यांच्या नजरेत भरली होती आणि त्यांच्याच सांगण्यावरून १९३२ मध्ये एका खासगी घराची बाग आखण्याचे पहिले काम या तरुण चित्रकाराला मिळाले. १९३४ मध्ये ईशान्येकडील रेसिफे शहराच्या उद्यानांची जबाबदारी त्यांच्याकडे आली, आणि येथे त्यांनी जे केले ते त्या काळाच्या मानाने धाडसाचे होते. एका चौकातील तळ्यात त्यांनी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील प्रचंड पानांचे कमळ, म्हणजे व्हिक्टोरिया, लावले. तर दुसऱ्या चौकात काआतिंगा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या, काटेरी रानातील निवडुंग आणून बसवले. त्या रानाचे आणि तेथील माणसांचे वर्णन करणारे लेखक एउक्लिदेस दा कुन्या यांचे नाव त्या चौकाला आहे, ही निवड पुरेशी बोलकी आहे. शहरातील अनेकांना ते काटेरी खोड रुचले नाही आणि जंगल शहरात आणल्याची टीकाही झाली. परंतु आधुनिक ब्राझीलच्या सार्वजनिक उद्यानाची सुरुवात कोठून मानायची असे विचारले, तर रेसिफेच्या याच चौकांकडे बोट दाखवावे लागते.

देशी वनस्पती वापरायच्या म्हटले तरी त्या मिळणार कोठून, हा व्यावहारिक प्रश्न होता. रोपवाटिका जे विकले जाते तेच वाढवतात आणि लोक जे विकत मिळते तेच लावतात. या चक्रात ब्राझीलच्या हजारो वनस्पतींना जागाच नव्हती. त्यामुळे रानातून रोप आणणे, ते जगवणे, त्याची संख्या वाढवणे आणि मग बागेत वापरणे ही सारी साखळी बुर्ल मार्क्स यांना स्वतःच उभी करावी लागली. वनस्पतिशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. ही उणीव त्यांनी शास्त्रज्ञांची सोबत धरून भरून काढली. मिनास जेराइस प्रांतातील आराशा येथील उद्यानासाठी १९४० च्या दशकात त्यांनी एन्रिके लाह्मेयर दे मेल्लो बार्रेतो या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर काम केले आणि त्यांच्यासह रानावनांत हिंडताना एक गोष्ट पक्की शिकून घेतली: कोणतीही वनस्पती एकटी राहत नाही. ज्या खडकावर, ज्या सावलीत, ज्या शेजाऱ्यांच्या संगतीत ती वाढते, त्या सगळ्यांसह तिला समजून घ्यावे लागते. वनस्पतींच्या अशा नैसर्गिक वस्तीला शास्त्रात वनस्पतिसमूह म्हणतात, आणि बुर्ल मार्क्स यांच्या रचनांना चित्रासारखे रूप असूनही त्या निव्वळ चित्र का वाटत नाहीत, याचे उत्तर या शिकवणीत आहे.

वाढता संग्रह घराच्या आवारात मावेनासा झाला, तेव्हा रोबेर्तो आणि त्यांचे बंधू ग्विलेर्मे सिग्फ्रीद यांनी १९४९ मध्ये ग्वारातिबाची ‘सांतो आंतोनियो दा बिका’ ही जुनी वाडी विकत घेतली. वाडीत सतराव्या शतकातील एक छोटे प्रार्थनामंदिर होते, ज्याची पुढे काळजीपूर्वक डागडुजी झाली. जागेची निवड विचारपूर्वक केलेली होती: डोंगर उतारावर मोठमोठे ग्रॅनाइटचे धोंडे, वाहते झरे, वरच्या अंगाला अटलांटिक किनाऱ्यावरील पर्जन्यवनाचा पट्टा, तर खाली समुद्राच्या बाजूला खारफुटी आणि वाळूवर वाढणारे झुडपी रान. एकाच वाडीत ऊन, सावली, ओल, कोरडा खडक आणि दलदल असे निरनिराळे अधिवास मिळाल्यामुळे भिन्न स्वभावाच्या वनस्पतींना आपापली जागा देता आली. बुर्ल मार्क्स सुरुवातीला सवडीने येथे येत असत. १९७३ पासून ते कायमचे येथेच राहू लागले.

वाडीतील सर्वांत महत्त्वाची वास्तू म्हणजे तेथील छायागृहे. छायागृह म्हणजे वरून जाळीचे किंवा पट्ट्यांचे आच्छादन घातलेला मांडव, ज्यात ऊन गाळून येते, वारा खेळता राहतो आणि जंगलाच्या तळाशी असणारी मंद, ओलसर हवा टिकते. यांतील एका छायागृहाला ब्राझीलच्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञ ग्राझिएला बारोझो यांचे, तर दुसऱ्याला अ‍ॅमेझॉनच्या वनस्पतींची अजोड चित्रे काढणाऱ्या ब्रिटिश चित्रकर्त्री मार्गारेट मी यांचे नाव आहे. संग्रहातील कुळे पाहिली तर मराठी वाचकाला त्यांतील बरीचशी अनोळखी वाटू नयेत. अळू आणि सुरण ज्या कुळातील त्याच कुळातील फिलोडेंड्रॉन आणि अँथुरियम येथे शेकड्यांनी आहेत. आरारूटच्या कुळातील, पानांवर रंगीत पट्ट्यांची नक्षी असलेल्या कॅलॅथिया आहेत. केळीशी दूरचे नाते सांगणाऱ्या हेलिकोनिया, तऱ्हेतऱ्हेचे माड आणि सायकस आहेत, आणि अननसाच्या कुळातील ब्रोमेलियाड तर वाडीभर आहेत.

ब्रोमेलियाड जवळून पाहण्यासारखी वनस्पती आहे. यांतील अनेक जाती अपिवनस्पती आहेत, म्हणजे त्या दुसऱ्या झाडाच्या फांदीचा केवळ आधार घेतात, बांडगुळाप्रमाणे त्याचा रस शोषत नाहीत. पाने एकाच केंद्रातून चक्राकार फुटतात आणि त्यांचे रुंद बुंधे एकमेकांवर असे घट्ट बसतात की मधोमध पाणी साठवणारे एक पात्र तयार होते. पावसाचे पाणी, वरून गळणारा पालापाचोळा आणि मेलेले कीटक त्यात कुजतात, आणि पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खवले ते पोषणद्रव्य शोषून घेतात. मुळांचे काम उरते ते मुख्यतः धरून ठेवण्याचे. या इवल्या तळ्यात डासांच्या अळ्यांपासून बेडकांच्या पिल्लांपर्यंत अनेक जीवांचा संसार चालतो. ज्या वनस्पतीला मातीच लागत नाही तिला खडकावर, भिंतीवर, खांबावर कोठेही बसवता येते, हे ओळखून बुर्ल मार्क्स यांनी ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर आणि जुन्या चिऱ्यांच्या भिंतींवर ब्रोमेलियाडचे थवे बसवले. रिओत जुन्या इमारती पाडल्या जात असताना त्यांचे घडीव दगड ते विकत घेऊन वाडीत आणत. त्यांच्या चित्रशाळेची दर्शनी बाजू अशाच एका पाडलेल्या इमारतीच्या दगडांतून पुन्हा उभी केलेली आहे.

दुसरा लक्षणीय गट वेलोझिया कुळाचा. मिनास जेराइसच्या खडकाळ माळांवर, जेथे माती जेमतेम आणि ऊन कडक, तेथे या वनस्पती वाढतात. त्यांचे जाडजूड दिसणारे खोड प्रत्यक्षात बारीक असते; गळून गेलेल्या पानांचे बुंधे आणि मुळे यांचे आवरण त्याच्यावर थरावर थर चढलेले असते, आणि ते आवरण ओलावा धरून ठेवते व वणव्याची झळ आतपर्यंत पोचू देत नाही. काही जातींची पाने तर कोरड्या ऋतूत पूर्ण वाळून पाऊस येताच पुन्हा हिरवी होतात. शोभेच्या बागेत अशा खरखरीत, हळू वाढणाऱ्या झाडाला कोणी विचारले नसते. बुर्ल मार्क्स यांना त्याच्या आकृतीत शिल्प दिसले. या कुळाशी त्यांचे नाव शास्त्रानेही जोडले आहे, कारण १९९१ मध्ये त्यातील एका नव्या वंशाला ‘बुर्लेमार्क्सिया’ असे नाव देण्यात आले. त्यांच्या सन्मानार्थ नाव मिळालेल्या जाती अनेक आहेत. त्यांतील काहींची शास्त्रीय ओळख पटली ती वाडीत वाढलेल्या रोपांवरूनच.

या संग्रहाचे कलेशी असलेले नाते त्यांच्या आराखड्यांत स्पष्ट दिसते. बुर्ल मार्क्स बागेचा नकाशा अपारदर्शक जलरंगांत रंगवीत. त्यात सरळ रेषा आणि सममिती यांच्याऐवजी नदीच्या वळणासारखे मोकळे, वाहते आकार असत आणि प्रत्येक रंगक्षेत्र एकेका वनस्पतीचे असे. एका जातीची दोन-चार रोपे इकडे तिकडे न पेरता तिचा सलग पुंजका लावायचा, म्हणजे तिचा रंग आणि पोत लांबूनही वाचता येतो. आणि रंगासाठी फुलांपेक्षा पानांवर भिस्त ठेवायची, कारण फूल चार दिवसांचे, तर पान वर्षभराचे. मात्र त्यांची बाग म्हणजे झाडांनी रंगवलेले चित्र, हे नेहमीचे विधान अपुरे आहे. चित्र पूर्ण झाले की थांबते, तर बाग त्या दिवशी कोठे सुरू होते; तिला उंची आणि खोली असते, पाहणारा तिच्या आतून चालतो आणि ऋतूंबरोबर ती रोज बदलते. कोणते रोप दहा वर्षांनी किती पसरेल हे ठाऊक असल्याशिवाय कागदावरचा सुंदर आकार जमिनीवर टिकत नाही, आणि ते ठाऊक होण्यासाठी वाडीत वर्षानुवर्षे केलेले निरीक्षणच उपयोगी पडले. अमेरिकेतील आधुनिक कला संग्रहालयाने १९९१ मध्ये त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरवले. उद्यानरचनाकाराला असा मान देण्याची त्या संस्थेची ही पहिली वेळ होती.

काळाचा हा हिशेब किती लांबचा असू शकतो, याचे उदाहरण रिओच्या फ्लामेंगो उद्यानात आहे. समुद्रात भर घालून तयार केलेल्या या उद्यानात १९६० च्या दशकात बुर्ल मार्क्स यांनी तालीपाम, म्हणजे संस्कृतातील श्रीताल, लावले. हा माड मूळचा दक्षिण भारताचा आणि श्रीलंकेचा. याच्या पानांवर आपल्याकडे शतकानुशतके पोथ्या लिहिल्या गेल्या. तो कित्येक दशके वाढत राहतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि फळे पिकल्यावर मरतो. त्याचा फुलोरा वनस्पतीसृष्टीतील सर्वांत मोठ्या फुलोऱ्यांपैकी एक असतो. लावणाऱ्याचे वय त्या वेळी पन्नाशी ओलांडलेले होते, म्हणजे तो फुलोरा आपल्याला दिसणार नाही हे जाणूनच ती लागवड झाली. त्यांतील काही माड जवळपास साठ वर्षांनी फुलले.

भारताशी, विशेषतः गोव्या-कोकणाशी, ब्राझीलच्या वनस्पतींचे नाते फार जुने आहे. पोर्तुगीज जहाजांतून काजू आणि अननस तिकडून इकडे आले, आंबा आणि फणस इकडून तिकडे गेले. कोकणच्या माणसाला काजूचे मूळ परके आहे हे आज सांगावे लागते. तसाच फणस रिओला आपलासा झाला, इतका की शहरालगतच्या तिजुका वनात तो देशी झाडांना मागे सारू लागला. आयात वनस्पतीविषयी बुर्ल मार्क्स यांची भूमिका म्हणूनच समजून घेण्यासारखी आहे. ते परदेशी झाडांचे शत्रू नव्हते. त्यांच्या वाडीत आशिया आणि आफ्रिकेतील वनस्पतींनाही जागा होती. मात्र ज्या भूमीत अशी वनसंपत्ती आहे, तेथे बाग म्हणजे दुसऱ्या हवामानाच्या बागेची नक्कल, ही सवय त्यांना मान्य नव्हती, आणि ती त्यांनी मोडून दाखवली.

वनस्पतिशास्त्रज्ञ, सहकारी आणि माळी यांना घेऊन ते ब्राझीलच्या निरनिराळ्या प्रदेशांत संग्रहमोहिमा काढत. वयाच्या सत्तरीनंतर, १९८३ मध्ये, ते अ‍ॅमेझॉनच्या मोठ्या मोहिमेवर गेले. या प्रवासांत त्यांना नवी झाडे सापडत, तसेच आधी पाहिलेली राने रस्त्यांसाठी, खाणींसाठी, गुरांच्या कुरणांसाठी नाहीशी झालेलीही दिसत. ब्राझीलमध्ये १९६४ पासून लष्करी राजवट होती आणि जंगलतोड हा त्या राजवटीच्या विकासधोरणाचाच भाग होता. अशा काळात, १९६७ ते १९७४ या वर्षांत, संघीय संस्कृती परिषदेचे सदस्य या नात्याने बुर्ल मार्क्स यांनी सरकारी व्यासपीठावरूनच वृक्षतोडीविरुद्ध सातत्याने निवेदने केली. झाड हे देशाच्या संस्कृतीचा ऐवज आहे, जुन्या वास्तूइतकेच जपण्याजोगे आहे, अशी मांडणी त्या काळात फारसे कोणी करत नव्हते.

मूळ अधिवासाबाहेर वनस्पती जतन करण्याला बाह्यस्थ संवर्धन म्हणतात आणि ग्वारातिबाची वाडी त्याचा उत्तम नमुना आहे. तरीही त्याच्या मर्यादा ध्यानात घ्यायला हव्यात. एका जातीची मूठभर रोपे, तीही अनेकदा एकाच मातृवृक्षाच्या फुटव्यांपासून वाढवलेली, त्या जातीची सारी आनुवंशिक विविधता सांभाळू शकत नाहीत. तिचे परागण करणारे कीटक आणि पक्षी तर वाडीत आणताच येत नाहीत. रान गेले तर वाडीतील रोप ही जातीची खूण म्हणून उरते, तिचे जगणे म्हणून नव्हे. बुर्ल मार्क्स यांनी संग्रहाबरोबर रान वाचवण्यासाठीही आवाज उठवला, यात त्यांच्या समजुतीची परिपक्वता दिसते.

संग्राहकाच्या मागे संग्रहाचे काय होते, हा प्रश्न जगभरच्या खासगी बागांना भेडसावतो. वारस वाटणी करतात, जमिनीचे भाव वाढतात, माळी निघून जातात आणि दोन पावसाळ्यांत वर्षानुवर्षांची मेहनत तणाखाली जाते. बुर्ल मार्क्स यांनी हा धोका वेळीच ओळखला आणि १९८५ मध्ये, हयातीतच, ही वाडी संग्रहासह, घर, चित्रे, मातीची भांडी, लाकडी मूर्ती आणि पुस्तकांसह ब्राझीलच्या संघीय शासनाला देऊन टाकली. ४ जून १९९४ रोजी मृत्यू होईपर्यंत ते तेथेच राहिले. आज राष्ट्रीय वारसा संस्थेकडे तिची व्यवस्था आहे.

ती व्यवस्था पाहणाऱ्यांपुढचे काम सोपे नाही. राजवाडा किंवा लेणे जतन करायचे तर आहे ते तसेच ठेवायचे असते. बाग तशी ठेवताच येत नाही. ऐतिहासिक उद्यानांसंबंधी १९८१ मध्ये तयार झालेल्या फ्लॉरेन्स सनदेने अशा उद्यानाला जिवंत स्मारक म्हटले आहे आणि मेलेल्या झाडाच्या जागी त्याच जातीचे झाड लावण्याचे सुचवले आहे. परंतु मोठे झालेले झाड खालच्या पुंजक्यावर सावली धरू लागले तर झाड छाटायचे की पुंजका हलवायचा, कर्त्याने स्वतः दर दोन-चार वर्षांनी बदललेल्या वाफ्याचे ‘मूळ’ रूप कोणते मानायचे, याची उत्तरे सनदेत सापडत नाहीत. ती रोज वाडीत वावरणाऱ्या माळ्यांच्या आणि शास्त्रज्ञांच्या अनुभवातूनच काढावी लागतात. बुर्ल मार्क्स यांच्या हाताखाली घडलेल्या माणसांनी ही जाण पुढच्या पिढीला दिली, हे जागतिक वारशाच्या शिक्क्याइतकेच महत्त्वाचे मानायला हवे.

रिओला जाणारा पर्यटक बहुधा कोपाकबानाचा पदपथ पाहून आणि डोंगरावरील ख्रिस्ताच्या पुतळ्याचे दर्शन घेऊन परततो. ज्यांना झाडांची आवड आहे त्यांनी ग्वारातिबासाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी. वाडी शहराच्या मध्यभागापासून बरीच लांब आहे आणि मार्गदर्शकासह होणाऱ्या भेटीसाठी आगाऊ नोंदणी करावी लागते.